पलटणीतल्या पंडितजींचं पत्र

“बरं, पुढं?”

समोरचा माणूस बोलून थांबला की पंडितजी एवढंच म्हणत. मान जराशी डावीकडे कललेली, दोन्ही पंजे गुडघ्यांवर, आणि नजर समोरच्याच्या तोंडाकडे नव्हे तर हातांकडे. बोलणारा रडत असो, शिव्या देत असो की सरकारच्या नावाने बोटं मोडत असो, त्याचं संपलं असं आपल्याला वाटावं आणि यांनी म्हणावं, “बरं, पुढं?” मग तो माणूस क्षणभर गोंधळायचा आणि खरोखरच पुढचं सांगायला लागायचा. जे सांगायला तो आला होता ते बहुधा त्या पुढच्यातच असे.

तुमच्याही ऑफिसात किंवा आळीत असा एखादा ऐकणारा असेल. नसेल तर तुमचा वेळ तरी वाचला म्हणायचा. आमचा वाचत नसे.

गोष्ट सत्तर सालानंतरच्या पाच-सहा वर्षांतली. सोलापुरात माजी सैनिकांची आणि त्यांच्या घरच्यांची कामं बघणारं एक छोटं सरकारी ऑफिस होतं, आणि मी तिथे कारकून होतो. दोन खोल्या, पुढे पत्र्याचा व्हरांडा, आवारात एक लिंब. साहेब म्हणजे निवृत्त मेजर. ते दौऱ्यावर असत किंवा दौऱ्यावरून आल्यामुळे थकलेले असत. उरलेलं ऑफिस म्हणजे मी, एक टाइपरायटर आणि कागदांनी फुगलेली तीन कपाटं. एकाहत्तरची लढाई संपून वर्ष उलटलं होतं आणि त्या कपाटांतल्या पुष्कळ फायली आता बायकांच्या नावाच्या होत्या.

अशात एका सकाळी धोतर, खाकी स्वेटर आणि पायात मिलिटरीचे काळे बूट अशा वेषातले एक गृहस्थ आत आले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे. धोतराखाली तसले बूट मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. “मी पलटणीत धर्मगुरू होतो. आता पेन्शनीत आलोय. काही काम असलं तर द्या,” म्हणाले. पगार नको म्हणाले. पगार नको म्हणणारा माणूस सरकारी ऑफिसात आला की कारकुनाला आधी संशय येतो, तसा मलाही आला.

सैन्यात भटजीचं काय काम, हे मला ठाऊक नव्हतं. मी तसं विचारलं, जरा खवचटपणेच. त्यांनी सरळ उत्तर दिलं. पलटणीत देऊळ असतं, रविवारी सगळे जवान ओळीने येऊन बसतात. नवा रंगरूट पक्का शिपाई होतो तेव्हा त्याला शपथ धर्मगुरू देतो. दवाखान्यात फेरी मारायची. ज्याला लिहिता येत नाही त्याला शिकवायचं, ज्याला शिकायचंच नाही त्याची पत्रं लिहून द्यायची. घरून वाईट तार आली की ज्याच्या नावे आली त्याला बाजूला घेऊन बसायचं. आणि कुणी गेला तर त्याचं शेवटचं करायचं.

“आणि बंदूक?” मी विचारलं.

“बंदूकवाले पुष्कळ होते की,” ते म्हणाले.

माणूस अक्कलकोटकडचा, जातीने जंगम. घरात कानडी, पलटणीत हिंदी, आमच्याशी मराठी, आणि तिन्ही भाषांत बोलणं बेताचंच. जंगमांत गेलेल्या माणसाला बसवून पुरतात; पलटणीत बहुतेकांना जाळायचं. “दोन्ही शिकलो. मौलवी वेळेवर पोचले नाहीत तर म्हणून तेही पाठ करून ठेवलं होतं,” असं ते एकदा सुपारी कातरावी इतक्या सहज म्हणाले. मी पुढे काही विचारलं नाही. जेवणाआधी असल्या गोष्टी ऐकायला मला तेव्हा आवडत नसत.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. तसंही ते कुणाच्या तोंडी नव्हतं. सगळं गाव पंडितजी म्हणे. स्टँडवरचा एक टांगेवाला त्यांना रोज हटकायचा, “क्या जी पंडितजी, किधर कू?” ते रोज “चलते हैं,” म्हणायचे आणि खरोखर चालतच जायचे. त्या टांगेवाल्याने तीन वर्षांत एकदाही आशा सोडली नाही.

आमच्या ऑफिसात येणाऱ्या बायका कागदावर अंगठा उठवत. पंडितजींनी कुठून तरी दहा-बारा पाट्या आणल्या आणि लिंबाखाली त्यांना सही शिकवायला बसले. शिक्षणाचं महत्त्व वगैरे एक अक्षर बोलले नाहीत. “अंगठ्याची शाई दोन दिवस निघत नाही. भाकरीच्या पिठाला लागते. सही केली की हात स्वच्छ,” एवढंच सांगितलं. हे मात्र बायकांना ताबडतोब पटलं. विणकरांच्या वस्तीतली एक तेलुगू म्हातारी होती, मुलगा लढाईत गेलेला. तिला चार अक्षरं जमायला सहा महिने लागले. जमली त्या दिवशी आनंदाच्या भरात तिने पहिली सही केली ती माझ्या हजेरीपुस्तकात, नेमकी मेजरसाहेबांच्या रकान्यात. मी ओरडलो. पंडितजी शांतपणे म्हणाले, “साहेब आज आलेले नाहीत. कुणीतरी हजर आहे, ते बरं नाही का?” साहेबांनी ती सही नंतर पाहिली आणि त्यावर काही बोलले नाहीत. त्यांना ती स्वतःचीच वाटली असावी.

दुष्काळाच्या त्या दिवसांत माढ्याकडे, टेंभुर्णीच्या बाजूला रस्त्याची खडी फोडण्याची कामं निघाली होती. कामावरच्या मुलाबाळांना सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा गोड खाऊ, वाटत. पंडितजी तिथे जाऊन रांगा लावू लागले. अंगावर पोर असलेल्या बाया पुढे, म्हातारी माणसं त्यांच्या मागे, आणि मुकादमाचे पाव्हणेरावळे सगळ्यांत शेवटी. मुकादम भडकला. “तुमी कोन ओ? हितं काय मिल्ट्री हाय?”

“नाही,” पंडितजी म्हणाले. “मिल्ट्रीत मुकादमाचे पाव्हणे नसतात.”

पुढे मुकादम दिसला की पोरं सुकडीची ताटली काखेत धरून खाडकन सावधान उभी राहू लागली. त्याला ते मानाचं वाटू लागलं आणि तो निवळला.

करकंबचे एक निवृत्त हवालदार होते. पिऊन येत आणि व्हरांड्यात उभे राहून मेजरसाहेबांना गोळी घालतो म्हणून ओरडत. एके दिवशी पंडितजी त्यांना पायरीवर घेऊन बसले ते दहा ते दोन. मी आतून ऐकत होतो. “बरं, पुढं?” मी सतरापर्यंत मोजलं, मग कंटाळलो. दोन वाजता हवालदार अगदी हळू आवाजात सांगत होते की मळ्यातलं पाण्याचं इंजिन सुरू झालं की ते घरात बाजेखाली शिरतात आणि सुना बघतात. पुढच्या सोमवारपासून ते दर सोमवारी येऊन लिंबाखालचा पाला झाडू लागले. दारू सुटली का? नाही. पण सोमवारी पीत नसत.

हे सगळं बघून मलाही पंडितजींचा अभिमान वाटू लागला होता. कबूल करतो. आपल्या ऑफिसात एक असा माणूस आहे, असं मी लोकांना सांगत असे. पुढे जे झालं त्यात माझा हा अभिमानच नडला.

सांगोल्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरून तानूबाई नावाची बाई आली. धनगराची. वय तिशीच्या आत-बाहेर, हातात काठी, पायात जाड वहाणा, कपाळ मोकळं. नवरा शिपाई, लढाईत गेलेला, आणि तिची पेन्शन अडकलेली. कारण सैन्याच्या कागदांत बायकोचं नाव होतं लक्ष्मीबाई, आणि ही तर तानूबाई. वरून तीनदा पत्र आलं होतं: लक्ष्मीबाई कोण, कुठे आहे, हजर करा.

“ही लक्ष्मीबाई कोण?” मी विचारलं. मनात नको ती शंका आली होती, हे लपवत नाही.

ती हसली. रीतसर पदर तोंडाला लावून हसली. “सायेब, लक्षुमी न्हाईच कुनी. भरतीच्या टायमाला लिवनाऱ्यानं इचारलं, बायकूचं नाव काय? ह्यो गप. आमच्यात नवरा बायकूचं नाव घेत न्हाय की. चार मान्सांत कसं घ्याचं? लाजला. पुन्ना इचारलं, तरी गप. मग संगटचा गडी म्हनला, लिवा लक्षुमी, घरात बायकू म्हंजी लक्षुमीच की. लिवलं त्येनं. सुट्टीवर आल्याव मला सांगून लई हासला.”

मीही हसलो. लाजेपायी बायकोचं नाव न घेतलेल्या माणसाची विधवा त्याच लाजेपायी तीन वर्षं हेलपाटे घालत होती. पोलीस पाटलाचा दाखला आणि एक प्रतिज्ञापत्र एवढ्यावर काम होण्यासारखं होतं. आणखी काही कागद आहे का म्हणून विचारलं, तेव्हा तिने कमरेच्या पिशवीतून फडक्यात बांधलेलं एक पत्र काढलं. पलटणीतून आलेलं. ती म्हणाली, “वाचा की येकदा. मास्तर वाचत्यात, पर लई घाईनं वाचत्यात.”

मी सावकाश वाचलं. तुमचा पती शूराप्रमाणे लढला. शेवटच्या घटकेला मी त्याच्याजवळ होतो. त्याने पाणी मागितले, मी माझ्या हाताने पाजले. त्याला यातना झाल्या नाहीत. प्राण सोडताना त्याने तुमचे नाव घेतले.

अक्षर पाहताच मी ओळखलं होतं. पाटीवर, फायलींच्या पाठीवर, अर्जांवर मी ते रोज बघत होतो. आणि मला कोण आनंद झाला! मी म्हणालो, “अहो बाई, हे पत्र लिहिणारे इथेच आहेत! थांबा.” दारात जाऊन मी लिंबाखाली बसलेल्या पंडितजींना हाक मारली. त्यांनी हात झटकले आणि आत आले. मी कौतुकाने त्या पत्राचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला होता, पण तेव्हा मला तो नम्रपणा वाटला.

तानूबाई उठून उभी राहिली. त्यांच्या पायांकडे बघत म्हणाली, “म्हाराज, तुमीच व्हता का वो त्येच्याजवळ?”

पंडितजींनी तिच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, “होय, बाई.”

“मग सांगा, कसं घेतलं नाव? कंचं घेतलं?”

टेबलावर फाइल उघडी होती. मी पाहिलं, पंडितजींची नजर फायलीतल्या नावावर गेली आणि परत आली. ते म्हणाले, “लक्ष्मी. दोनदा म्हणाला.”

मला वाटलं आपल्याला कुणीतरी थोबाडीत मारली. तानूबाई ओरडली नाही, रडली नाही. तिने पत्राची घडी केली, फडक्यात ठेवली, गाठ मारली. “मी तीन वर्सं म्हनत व्हते, जिता व्हता तवर घेतलं न्हाई, मरताना तरी घेतलं माजं नाव. आवाज कसा लागला आसंल, म्हनून मेंढरामागं हिंडताना मनात म्हनून बगायची.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सायेब, त्यो कसा गेला येवडंच इचारायचं व्हतं. आता कुनाला इचारू?”

ती निघून गेली. लक्ष्मी नावाची हकिकत मी पंडितजींना सांगितली. ते खाली बसले.

“मी पुढे नव्हतोच,” ते म्हणाले. “मागे होतो, गेलेल्यांना जिथे आणत तिथे. दोन दिवसांत तीसेक पत्रं लिहायची होती. पहिली चार-पाच वेगवेगळी लिहिली, ज्याच्याबद्दल जे ठाऊक होतं ते. मग हाताला वळण पडलं. सहाव्यापासून सगळ्यांनी पाणी मागितलं आणि सगळ्यांनी घरच्यांचं नाव घेतलं.”

“आणि आज? आज कशाला खोटं बोललात?” मी चिडून विचारलं. मी त्यांच्याशी या आवाजात कधी बोललो नव्हतो.

“तिनं विचारलं तेव्हा तिचे हात बघितले का तुम्ही?” ते म्हणाले. पुढे म्हणाले, “माझी बायको चार वर्षं होती, मग वारली. मी तिला कधी नावानं हाक मारली नाही. आमच्यातही कुणी मारत नाही. आणि लिहिताना ते सुचलंच नाही, बघा.”

मला त्यांचा राग आला होता आणि कीवही आली होती. फाइल बंद करून मी टाइपरायटरकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. एस.टी.ने सांगोल्याला आणि तिथून चालत तानूबाईच्या वस्तीवर गेले होते. तिथे काय झालं ते त्यांनी मला चार वाक्यांत सांगितलं. “मी तिथे नव्हतो, खोटं लिहिलं, असं तिला सांगितलं. तिनं बसा म्हटलं नाही. हुडकून काढतो म्हणालो. ती म्हणाली, हुडका.”

मग पोस्टकार्डं सुरू झाली. नवऱ्याच्या कंपनीतले जे कोणी ठाऊक होते त्या सगळ्यांना, दवाखान्यातल्या लोकांना, बदलून गेलेल्यांना, पेन्शनीत गेलेल्यांना. त्या दिवशी त्याच्याजवळ कोण होतं? एवढाच प्रश्न. उत्तरं येत. मी दुसऱ्या खंदकात होतो. मी तेव्हा रजेवर होतो. कुणी लिहिलं, त्याने वीरगती प्राप्त केली, प्रभू त्याच्या आत्म्यास शांती देवो. ते वाचून पंडितजी म्हणाले, “हे मीच शिकवलंय त्याला.”

एक फरक मला दिसला. पूर्वी बायका सांगतील ती पत्रं ते स्वतःच्या भाषेत सजवून लिहीत. आता एकेक ओळ वाचून दाखवत आणि विचारत, “असंच म्हणालात ना?” बाई म्हणे, “तुमी घाला की चांगलं काईतरी.” ते घालत नसत. त्यामुळे पत्रं आखूड झाली, आणि काही बायका कुरकुरून माझ्याकडे येऊ लागल्या.

तानूबाईची पेन्शन मधल्या काळात सुरू झाली. त्यानंतर तिला ऑफिसात यायचं काही कारण नव्हतं. तरी ती दोनदा आली. पंडितजींकडे न बघता माझ्या दारात उभी राहिली. “आलं का काई?” मी नाही म्हटलं की काठी टेकत परत जायची. ते लिंबाखालून तिच्या पाठीकडे बघत राहत.

असं वर्ष-सव्वा वर्ष गेलं. एकदा बार्शीहून परत येताना एस.टी.तच पंडितजींच्या छातीत दुखू लागलं. कंडक्टरने गाडी सरळ दवाखान्यात न्यायला लावली. मी दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो. बूट खाटेखाली नीट जोडून ठेवलेले होते. मला बघून म्हणाले, “टपाल?”

“आज काही नाही,” मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. तिसऱ्या दिवशी ते गेले.

अक्कलकोटकडच्या त्यांच्या गावी त्यांना जंगमांच्या रीतीने बसवून माती दिली. जवळचा असा एक पुतण्याच होता. पण जिल्हाभरातून माजी सैनिक आले होते, पाट्या घेऊन शिकलेल्या बायका आल्या होत्या. कुणी हुकूम दिला नव्हता, तरी सगळे ओळीत उभे राहिले. करकंबचे हवालदार न पिता आले होते आणि तो सोमवार नव्हता.

यानंतर तीन आठवड्यांनी रत्नागिरीकडून पंडितजींच्या नावे एक पाकीट आलं. लिहिणारा सैन्यातल्या दवाखान्यात जखमींची सेवा करणारा शिपाई होता. आता घरी शेती करत होता. पंडितजींचं कार्ड चार ठिकाणी फिरून त्याला मिळालं होतं. मी पत्र वाचलं, टेबलाच्या खणात ठेवलं आणि दोन दिवस त्या खणाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी रजा टाकून सांगोल्याची एस.टी. धरली.

दिवस डोक्यावर आला होता. तानूबाई मेंढरांच्या वाड्याच्या कुंपणाला काटे लावत होती. हातातलं पाकीट बघून ती तशीच खाली बसली. वाटेत मी ठरवलं होतं की काही गाळून वाचायचं. ती समोर बसल्यावर तसं धाडस झालं नाही. होतं तसं वाचलं:

“पंडितजींना नमस्कार. तो गडी माझ्याकडेच होता. दुपारी आणला. पोटात लागलं होतं. पाणी मागत होता, पण पोटाची जखम म्हणून आम्हाला पाजता आलं नाही. फडक्याने ओठ ओले करत होतो.”

“थांबा,” तानूबाई म्हणाली. उठून वाड्याच्या पलीकडे गेली. मी बसून राहिलो. बऱ्याच वेळाने परत आली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “हं, वाचा.”

“फार कण्हला. मग शुद्ध गेली. दिवेलागणीला प्राण गेला. त्याआधी कुणाला तरी सारखा सांगत होता, ए, कोकरं आत घे, गार पडलंया. आमच्यात कोण होतं कोकरंवालं? आम्हाला काही कळलं नाही. सारखं म्हणू लागला तेव्हा मीच म्हणालो, घेतली आत. मग गप झाला. मला एवढंच आठवतं.”

ती पुढे सरकून बसली. मग म्हणाली, “पुन्यांदा वाचा.” मी वाचलं. “ए पासनं वाचा,” म्हणाली. तेही वाचलं.

“मला त्यो ए म्हनूनच हाक मारायचा,” ती म्हणाली. “दुसरी हाकच न्हवती. मलाच सांगत व्हता.” मग म्हणाली, “आन त्या दिशी म्या घेतलीच आस्तीली आत. दिवेलागणीलाच घेती म्या रोज.”

आता ती रडली. आवाज न करता, पाकिटावर हात ठेवून. मी दुसरीकडे बघत राहिलो.

डोळे पुसून तिने विचारलं, “म्हाराजांनी वाचलं का ह्ये?”

पंडितजी गेल्याचं तिला कुणी कळवलं नव्हतं. मी सांगितलं. ती हातातल्या काटकीने मातीत काहीतरी उकरत राहिली. “मागल्या खेपंला समोर बसलं व्हतं, म्या बगितलं न्हाई त्येंच्याकडं,” म्हणाली. मग म्हणाली, “तुमी जावा त्येंच्या मातीवर आन वाचून दावा. त्येंनीच हुडकलं न्हवं? त्येंलाबी कळाय पायजे.”

“अहो बाई, मातीला काय वाचून दाखवायचं?”

“जावा तुमी,” ती म्हणाली.

पत्र मात्र तिने माझ्याकडे दिलं नाही. मी तिथेच बसून त्याची नक्कल केली आणि सवयीने खाली ‘खरी नक्कल’ असं लिहून सही ठोकली. बाकीच्या घरांत ती एकसारखी पत्रं अजून जपून ठेवलेली असतील. त्यांच्याबद्दल मी कुणाला काही बोललेलो नाही. कुणी विचारायला आलंही नाही.

रविवारी मी अक्कलकोटच्या गाडीत बसलो. देवधर्म, समाधी, असल्या गोष्टींत मला कधी राम वाटला नाही, आणि भर दुपारी मातीच्या उंचवट्यापुढे कागद घेऊन उभं राहायचं म्हणजे मला माझीच लाज वाटत होती. जवळच्या बांधावर एक गुराखी बसला होता. तो जाईल म्हणून मी वाट बघितली. तो गेला नाही. शेवटी चपला काढल्या आणि वाचायला सुरुवात केली. पाण्याची ओळ आली. पंडितजींना ती ऐकवू नये असं फार वाटलं. तरी वाचली. मग कोकरांचं वाचलं, आणि तो ते तानूबाईलाच म्हणत होता, हे पत्रात नव्हतं तेही सांगितलं.